‘मिरच्या झोंबल्या’ म्हणजे नक्की काय झालं? ‘लागलं’, ‘लावून घेतलं’ आणि ‘भावना दुखावल्या’ यांतला फरक

चिंचवडला कुणी ‘पुण्याचं उपनगर’ म्हटलं की त्या रीलखाली काय होतं, हे पिंपरी-चिंचवडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. ‘आमची स्वतःची महापालिका आहे, १९८२ पासून.’ ‘पोलिस आयुक्तालयही वेगळं आहे, २०१८ पासून.’ ‘गाडीचा नंबर बघ, एमएच-१४.’ अशा दहा-बारा कमेंट झाल्या की एमएच-१२ वाला कुणीतरी येतो आणि तीन शब्द टाकून जातो, ‘मिरच्या झोंबल्या वाटतं!’

तिथून पुढे वाद उपनगराचा राहत नाही. कुणाला झोंबल्या, का झोंबल्या, यावर जातो.

चटकन राग येणाऱ्या, बोललेलं मनात धरणाऱ्या माणसासाठी मराठीत शब्दांची कमी नाही. नाकावर राग असणारा, हळवा, चिडका, शीघ्रकोपी. झालेल्या गोष्टीसाठी तर आणखी : लागलं, जिव्हारी लागलं, लावून घेतलं, झोंबलं, दुखावला, खट्टू झाला, तोंड फुगवून बसला. त्यात आता ‘ट्रिगर झाला’ आणि ‘ऑफेन्ड झाला’ यांची भर. वरवर हे सगळे एकाच अर्थाचे वाटतात, पण नाहीत. यातला प्रत्येक शब्द गुपचूप एक निकाल देतो, की चूक बोलणाऱ्याची की ऐकणाऱ्याची. म्हणून कमेंटमध्ये कुणी कुठला शब्द वापरला, हे बघण्यासारखं असतं.

आधी मिरचीचं बघू

‘झोंबणं’ या क्रियापदाचे दोन अर्थ. एक, अंगाला भिडणं, घट्ट पकडणं. कुस्तीतली झोंबी, झोंबाझोंबी हे शब्द त्यातलेच. दुसरा, चरचरणं. जखमेवर मीठ झोंबतं, डिसेंबरात सकाळी गाडीवर गार वारा झोंबतो आणि चिरलेल्या मिरचीचा हात डोळ्याला लागला तर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. मूळ वाक्प्रचार आहे ‘नाकाला मिरच्या झोंबणे’. कमेंटमध्ये नाक गळून पडलं आणि मिरच्या उरल्या.

मिरची आपल्याकडची नाही, ती पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली. त्याआधी तिखटपणाचं काम मिरीकडे होतं, आणि मिरचीचं नावही मिरीवरूनच पडलं. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या काळात कुणाच्या नाकाला मिरच्या झोंबणं शक्यच नव्हतं! चारशे-पाचशे वर्षांत इतका मराठमोळा झालेला दुसरा पाहुणा क्वचितच सापडेल.

आता गंमत अशी की मिरचीने खरं तर भाजत नाही. तिच्यातलं कॅप्सेसिन आपल्या मज्जातंतूंवरच्या ज्या संवेदकाला चिकटतं, तोच संवेदक साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता ओळखतो. मेंदूला निरोप जातो, ‘भाजलं!’ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने हा संवेदक १९९७ मध्ये शोधला आणि २०२१ मध्ये त्यांना आर्डेम पाटापुटियन यांच्यासोबत नोबेल मिळालं. त्वचा भाजलेली नसते, पण आग खरी असते. डोळ्यांतलं पाणीही खरं असतं. ‘मिरच्या झोंबल्या’ म्हणणारा माणूस बहुतेक वेळा यातला पहिला भागच धरतो, की बघा, काही झालेलं नसताना नाचतोय.

‘झोंबलं’ म्हणजे ‘खरं होतं म्हणून झोंबलं’

नुसता राग आला तर आपण ‘झोंबलं’ म्हणत नाही. तुम्हाला कुणी विनाकारण शिवी दिली आणि तुम्ही चिडलात, तर तिथे हा शब्द बसत नाही. झोंबायला आधी कुठेतरी खरचटलेलं असावं लागतं. म्हणजे टीका खरी होती, ती बरोबर जागी बसली आणि म्हणूनच हा इतका उसळला, असा आरोप या शब्दात आहे. ‘खाई त्याला खवखवे’ ही म्हण हेच सांगते. सुरण ज्याने खाल्ला त्याचाच घसा खवखवणार. ‘चोराच्या मनात चांदणं’ हीसुद्धा त्याच घरातली.

म्हणूनच हा शब्द ऑनलाइन भांडणात इतका सोयीचा आहे. समोरच्याने उत्तर दिलं की म्हणायचं, ‘झोंबलं’. तो गप्प बसला तरी म्हणायचं, ‘झोंबलं म्हणून गप्प’. त्याने पुरावा दिला तर ‘फारच झोंबलेलं दिसतंय’. यातून सुटका नाही. ‘बर्नोल पाठवू का?’ हे मीम याचंच भावंड, फक्त तिथे जळण्याचा, मत्सराचाही एक वास येतो. झोंबण्यात मत्सर नसतो. इंग्रजीत अशा माणसाला ‘स्नोफ्लेक’ म्हणतात, म्हणजे हिमकण, हात लावला की वितळणारा. कॉलिन्स शब्दकोशाने २०१६ च्या आपल्या निवडक शब्दांत ‘स्नोफ्लेक जनरेशन’ घेतला होता. तो शब्द माणूस नाजूक आहे एवढंच म्हणतो. आपली मिरची पुढे जाऊन म्हणते, नाजूक आहेस आणि लबाडही आहेस.

‘मला लागलं’ आणि ‘तू लावून घेतलंस’

एक छोटा प्रयोग करा. ‘त्याला लागलं’ आणि ‘त्याने लावून घेतलं’ ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणून बघा. घटना एकच. पहिल्या वाक्यात ‘त्याला’ आहे. ठेच लागते, भूक लागते, तसं ते लागलं, त्याच्या हातात काही नव्हतं. दुसऱ्यात ‘त्याने’ आहे. म्हणजे करणारा तोच. शब्द हवेत तरंगत होते, याने हात पुढे करून ते ओढले आणि स्वतःच्या मनाला लावले, असं ते वाक्य म्हणतं. एक ‘घेणं’ जोडलं आणि दोष या माणसावरून त्या माणसावर गेला.

‘मनाला लावून घेऊ नकोस’ हे आई म्हणते तेव्हा ती धीर देत असते. तेच वाक्य ज्याने टोमणा मारला तोच म्हणतो तेव्हा तो स्वतःला सोडवून घेत असतो.

आणि मराठीला टोमण्याचं तंत्र अगदी नीट माहीत आहे. ‘लेकी बोले सुने लागे.’ बोलायचं लेकीला, पण लागायला हवं सुनेला. इथे ‘लागणं’ हा अपघात नाही, नेम आहे. आजची त्याची जागा म्हणजे व्हॉट्सॲप स्टेटस. ‘काही लोक कामापुरते गोड असतात’ असं स्टेटस टाकायचं, ते कुणी बघितलं याची यादी तपासायची, आणि त्या एका माणसाने विचारलं की म्हणायचं, ‘अरे, तुझ्यासाठी नव्हतं रे, तू का लावून घेतोस?’ पुण्यात यालाच थोडं सजवून ‘शालजोडीतला’ देतात.

शॉप फ्लोअरवरची चेष्टा

चाकण, तळेगाव, भोसरी, रांजणगाव. या पट्ट्यातल्या एका लाइनवर लातूर, नांदेड, जळगाव, यवतमाळ, उत्तर प्रदेश, बिहार आणि ओडिशाची पोरं शेजारी शेजारी उभी असतात. एवढ्या बोली एका कँटीनमध्ये आल्या की गैरसमज होणारच.

साधा ‘बोलला’ हा शब्द घ्या. ‘आज सुपरवायझर बोलला’ याचा अर्थ तो काहीतरी म्हणाला असा नाही, रागावला असा आहे. मुंबईकडे ‘बोलला’ म्हणजे नुसतं ‘म्हणाला’. दोघांनी एकच वाक्य ऐकलं तर एकाला वाटतं विशेष काही नाही, दुसऱ्याला वाटतं प्रकरण तापलंय. ‘भैय्या’ हिंदीत भाऊ. महाराष्ट्रात तो कुठल्या सुरात उच्चारला जातो त्यावर त्याचा अर्थ ठरतो, आणि ज्याला तो म्हटला जातो त्याला सूर बरोबर कळतो. मराठी माणसालाही सुटका नाही. मराठवाड्याकडचा पोरगा ‘काय करायलास?’ म्हणाला की पुण्याकडच्या टेबलावर हशा. तो पहिल्या दिवशी स्वतःही हसतो. चाळिसाव्या दिवशी हसत नाही, ताट उचलून दुसरीकडे बसतो. आणि मग म्हटलं जातं, ‘गंमत केली राव, लगेच लावून घेतो हा.’

माझं यावर मत सरळ आहे. एखादा माणूस ‘चटकन’ दुखावला की नाही, हे ठरवायला आधी किती वेळा तेच बोललं गेलं ते मोजावं लागतं. बोलणाऱ्यासाठी ती एक चेष्टा असते. ऐकणाऱ्यासाठी ती चाळिसावी. ‘लावून घेतो’ या शब्दात हा हिशोब नसतो, तो फक्त शेवटच्या दिवसाचा राग दाखवतो. उलटंही घडतंच. कामातली चूक दाखवली तरी ‘माझा अपमान झाला’ म्हणणारे प्रत्येक शिफ्टमध्ये असतात, आणि त्यांच्यासाठी ‘नाकावर राग’ हा शब्द अगदी योग्य आहे. त्यात खोटेपणाचा आरोप नाही, फक्त स्वभावाचं वर्णन आहे.

‘भावना दुखावल्या’, आणि तो ‘असतील तर’

आता शब्दांच्या दुसऱ्या टोकाला येऊ. ‘दुखावणं’ यात दोष ठामपणे बोलणाऱ्याकडे जातो. तुम्ही दुखावलंत, आम्ही दुखावले गेलो. शिवाय ‘माझं मन दुखावलं’ हे एकट्याचं असतं, पण ‘भावना दुखावल्या’ म्हटलं की पाठीमागे समाज उभा राहतो. म्हणून निवेदनांत मन कधीच दुखावत नाही, भावनाच दुखावतात.

त्यावरचं सार्वजनिक उत्तरही ठरलेलं. ‘माझ्या वक्तव्यामुळे कुणाच्या भावना दुखावल्या असतील, तर मी दिलगिरी व्यक्त करतो.’ यातला ‘असतील तर’ नीट बघा. दुखावल्या की नाही हे अजून ठरलेलं नाही, असं तो म्हणतो. ‘दिलगिरी’ हा फारसीतून आलेला शब्द, अर्थ मन खिन्न होणं. ‘माफी’मध्ये चूक कबूल असते. दिलगिरीत फक्त वाईट वाटलेलं असतं. (बातमी लिहिताना या दोन शब्दांची अदलाबदल आम्ही पत्रकार सर्रास करतो, करू नये.)

याच शहरातलं उदाहरण २०२२ च्या डिसेंबरमधलं आहे. त्या वेळचे उच्च व तंत्रशिक्षणमंत्री आणि पुण्याचे पालकमंत्री चंद्रकांत पाटील पैठणमधल्या कार्यक्रमात म्हणाले की महात्मा फुले, डॉ. आंबेडकर, कर्मवीर भाऊराव पाटील यांनी सरकारी अनुदानाची वाट न बघता लोकांकडे भीक मागून शाळा चालवल्या. दुसऱ्या दिवशी, १० डिसेंबरला, चिंचवडमध्ये त्यांच्यावर शाई फेकली गेली. पाटील यांचं म्हणणं होतं की वर्गणी, देणगी मागणं या अर्थाने तो शब्द वापरला. टीका करणाऱ्यांचं म्हणणं होतं की मग ‘वर्गणी’ म्हणा, ‘देणगी’ म्हणा. ‘भीक’ आणि ‘भिक्षा’ यांचं मूळ एकच, पण भिक्षा मागणाऱ्याला नमस्कार होतो आणि भीक मागणाऱ्याला हाकललं जातं. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी हाकललेलंच आहे, त्याच्या कानाला हा फरक बारीक वाटत नाही.

शाई फेकणाऱ्यांना अटक झाली आणि त्यांच्यावर खुनाच्या प्रयत्नाचंही कलम लागलं. त्यावरून वेगळा गदारोळ झाला. बंदोबस्तावरचे काही पोलिस निलंबित झाले. पुढे पाटील यांनी माफी मागून वाद थांबवण्याचं आवाहन केलं. एका शब्दाने सुरू झालेलं हे प्रकरण मोजायला कुठला शब्द घ्यायचा? ‘झोंबलं’ इथे बसत नाही, कारण आरोप खरा असल्याचा प्रश्नच नव्हता. दुखावलं गेलं हे खरं होतं. शाई फेकणं बरोबर होतं का, हा त्यापुढचा आणि वेगळा प्रश्न आहे. दुखावणं मान्य केलं म्हणजे शाई मान्य केली, असं होत नाही. कमेंटमध्ये हे दोन प्रश्न नेहमी एकत्र शिजवले जातात.

देहूत दोनदा घडलेली गोष्ट

चिंचवडहून देहू फार लांब नाही. इंद्रायणीकाठचं हे गाव भावना दुखावण्याच्या दोन मोठ्या गोष्टींचं साक्षीदार आहे.

पहिली सतराव्या शतकातली, परंपरेने सांगितलेली. तुकाराम महाराज शूद्र असून वेदांचा अर्थ मराठीत सांगतात, हे वाघोलीच्या रामेश्वर भटांना सहन झालं नाही. अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या. तुकाराम काठावर धरणं धरून बसले आणि तेराव्या दिवशी वह्या वर आल्या, असं वारकरी परंपरा सांगते. ज्यांच्या भावना दुखावल्या होत्या ते रामेश्वर भट पुढे तुकारामांचेच शिष्य झाले.

दुसरी गोष्ट आपल्या काळातली. आनंद यादव यांची ‘संतसूर्य तुकाराम’ ही कादंबरी २००८ मध्ये आली. तुकारामांच्या तरुणपणाचं जे चित्रण त्यात होतं, त्याला वारकऱ्यांनी जोरदार आक्षेप घेतला. यादव तेव्हा महाबळेश्वरच्या ८२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे निवडून आलेले अध्यक्ष होते. त्यांनी कादंबरी मागे घेतली, देहूत जाऊन माफी मागितली. तरी विरोध थांबला नाही. त्यांना अध्यक्षपद सोडावं लागलं आणि मार्च २००९ चं संमेलन अध्यक्षाविना झालं. प्रकरण कोर्टातही गेलं, २०१४ मध्ये पुण्यातल्या कोर्टाने निकाल त्यांच्या विरोधात दिला. २०१६ मध्ये यादव गेले.

ज्या लेखकाने आपल्या शिक्षणासाठीच्या झगड्याला ‘झोंबी’ हे नाव दिलं आणि त्या पुस्तकासाठी १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवला, तोच हा लेखक. झोंबणं या शब्दाचा भिडण्याचा अर्थ त्याने गाजवला, आणि चरचरण्याचा अर्थ त्याच्या वाट्याला आला.

वारकरी ‘चटकन’ दुखावले का? याचं उत्तर तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरतं. कादंबरीच्या बाजूने बघितलं तर संतही माणूस होता, आणि कल्पनेला मोकळीक हवी. वारीत चालणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर तुकाराम हे इतिहासातलं पात्र नाहीत, घरातले आहेत, आणि घरातल्या माणसाबद्दल कुणी कल्पनेने काही लिहिलं तर राग येतो. मला यात लेखकाने माफी मागितल्यानंतरही चाललेली चढाई पटत नाही. पण त्या रागाला ‘मिरच्या झोंबल्या’ म्हणणंही पटत नाही. तसं म्हणणं म्हणजे कादंबरीतलं चित्रण खरं होतं असं म्हणणं, आणि ते तर यादवांनीही म्हटलं नव्हतं. कादंबरी होती ती.

कोर्टाकडे यासाठी माप आहे का?

आहे, आणि त्याचं मूळ नागपुरात आहे. १९४६ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी भगवतीचरण शुक्ल खटल्यात एक कसोटी घालून दिली. शब्दांचा परिणाम मोजायचा तो समंजस, खंबीर मनाच्या माणसाच्या मापाने. डळमळीत मनाच्या आणि प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या माणसाच्या मापाने नाही. म्हणजे ‘नाकावर राग’ असणाऱ्याचं नाक हे कायद्याचं मोजमाप नव्हे.

ही कसोटी अजून वापरात आहे. १९८८ मध्ये ‘तमस’ मालिका बंद करण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली तेव्हा तिचा आधार घेतला. मार्च २०२५ मध्ये खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावरचा गुन्हा रद्द करतानाही तीच कसोटी पुन्हा सांगितली गेली.

तुमच्या-माझ्यासारख्या पोस्ट टाकणाऱ्यांसाठी कामाची गोष्ट अशी, की नुसत्या ‘भावना दुखावणं’ हा भारतात गुन्हा नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २९९ (१ जुलै २०२४ पासून लागू, त्याआधी १९२७ पासूनचं भारतीय दंड संहितेचं २९५-अ) धार्मिक भावनांबद्दल आहे, आणि त्यातही जाणूनबुजून, दुष्ट हेतूने केलेला अपमान लागतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. शहर, पगार, गाडीचा नंबर, आवडता नट यांच्याबद्दलच्या भावना यात येत नाहीत. २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुखांच्या निधनानंतरच्या बंदवर फेसबुक पोस्ट टाकल्याबद्दल आणि ती लाइक केल्याबद्दल पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली होती. त्यात वापरलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. जातीवाचक अपमान, धमकी, बदनामी यांना मात्र वेगळे कायदे आहेत आणि ते पूर्ण लागू आहेत. ‘गंमत केली राव’ हा तिथे बचाव होत नाही.

मग कधी काय म्हणायचं?

समोरच्याची लबाडी खरंच उघडी पडली आणि तो उसळला, तर ‘झोंबलं’ म्हणा, शब्द त्यासाठीच आहे. स्वभावच तापट असेल तर ‘नाकावर राग’. आपल्या बोलण्याने माणूस गप्प झाला असेल तर ‘त्याला लागलं’ म्हणा. ‘लावून घेतलं’ म्हणण्याचा अधिकार शक्यतो तिसऱ्या माणसाकडे राहू द्या. खोलवर गेलं असेल तर ‘जिव्हारी लागलं’. जिव्हार म्हणजे मर्मस्थान, त्यामुळे क्रिकेटमधल्या चिडवाचिडवीला तो वापरू नये, शब्द वाया जातो.

जुन्या मराठी इंटरनेटवर यावर एक छान तोडगा होता. चिमटा काढला की वाक्याच्या शेवटी कंसात लिहायचं, ‘ह. घ्या.’ म्हणजे हलके घ्या. निदान बोलणारा कबूल तरी करायचा की हो, चिमटा होता, आणि तुलाच होता. आता त्या जागी हसून डोळ्यांत पाणी आलेला इमोजी येतो, आणि मिरचीचाही एक इमोजी आहेच.